घरच्या घरी इंजिन ऑईल आणि फिल्टर बदलताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलण्याचे काम सामान हाताशी असेल तर दीड तासात आटोपते. तरीही ओळखीतले कोणी ना कोणी दर उन्हाळ्यात नेमके मधल्या अवस्थेत अडकलेले असते: गाडी स्टँडवर, इंजिनाच्या तळाचे तेलाचे चेंबर रिकामे, हात काळे आणि नवा फिल्टर जागेवर बसत नाही. चुका बहुतेक वेळा त्याच त्याच असतात आणि त्यांचे मूळ पाना चालवण्याच्या कौशल्यात नसून कामाच्या क्रमात असते. जुने तेल सोडून दिल्यानंतर ज्या गोष्टी कळतात, त्या सगळ्या तेल सोडण्यापूर्वीच कळू शकतात. म्हणून खालील सर्व टप्प्यांमागे एकच नियम आहे: जे काही पुन्हा बसवायचे आहे ते बसणार याची खात्री झाल्याशिवाय ड्रेन प्लगला, म्हणजे चेंबरच्या तळाशी असलेल्या तेल सोडण्याच्या बोल्टला, पाना लावू नये.

टप्पा १ : गाडीचे पुस्तक उघडणे

गाडीसोबत आलेल्या पुस्तकातून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: तेलाचा ग्रेड (म्हणजे ते किती जाड-पातळ आहे ते सांगणारी खूण), फिल्टरसह लागणारे तेलाचे प्रमाण, ड्रेन प्लग किती टॉर्कने, म्हणजे पिळाच्या किती जोराने, आवळायचा तो आकडा, आणि बदलाचा कालावधी. प्रमाणाचे बऱ्याचदा दोन आकडे दिलेले असतात, फिल्टर बदलल्यास एक आणि न बदलल्यास दुसरा; आपल्याला पहिला हवा. लहान पेट्रोल गाड्यांना साधारण ३ ते ३.५ लिटर तेल लागते, दीड लिटरच्या डिझेल इंजिनांना त्याहून बरेच जास्त. शेजाऱ्याची गाडी आपल्यासारखीच दिसते म्हणून त्याचा आकडा घेऊ नये, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिने आलेली असतात.

ग्रेडबाबत आपल्याकडे साताऱ्यात एक हट्टी समजूत आहे. गाडी वरचेवर खंबाटकी घाट चढते, यवतेश्वराच्या वळणांवरून कासला जाते, मेढ्यामार्गे महाबळेश्वर गाठते, तेव्हा तेल जाडच हवे, असे अनेक जण सांगतात आणि ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओततात. अलीकडच्या इंजिनांतले तेलाचे मार्ग अरुंद असतात, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते, आणि हे सगळे पातळ तेल गृहीत धरून बनवलेले असते. जाड तेल सकाळी थंड इंजिनात वरपर्यंत पोहोचायला वेळ लावते आणि झीज नेमकी त्याच काळात अधिक होते. घाटाचा खरा परिणाम ग्रेडवर नसून कालावधीवर धरावा. अनेक पेट्रोल गाड्यांसाठी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मर्यादा असते. पण सततचा घाट, धूळ आणि दोन-तीन किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या यांना बरीच पुस्तके ‘कठीण वापर’ मानतात आणि तेल त्याआधीच बदलायला सांगतात. तो तक्ता पुस्तकात शोधावा.

बीएस-६ डिझेल गाडी असेल तर आणखी एक अट आहे. धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि त्याला कमी राख सोडणारे तेलच चालते. पुस्तकात एसीईए (युरोपातील वाहन उत्पादकांची संघटना) सी२ किंवा सी३ अशा तेलाच्या वर्गाचा उल्लेख असेल तर कॅनवर अगदी तोच असला पाहिजे. अशा काही गाड्यांत तेल बदलल्यानंतर संगणकातील तेलाची नोंद स्कॅनर लावून शून्यावर आणावी लागते. ती सोय नसेल तर हे काम घरी करू नये.

इशारा: गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीच्या अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. घरी केलेली सर्व्हिस कंपनी मान्य करील असे गृहीत धरता येत नाही.

टप्पा २ : आदल्या दिवशीची खरेदी

खरेदी आदल्या दिवशीच संपवावी, आणि दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काम काढू नये. तेल, फिल्टर आणि ड्रेन प्लगचे नवे वॉशर या तीन वस्तू विकत घ्यायच्याच आहेत. तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे हे वॉशर दाबले जाऊन बसण्यासाठीच बनवलेले असते आणि एकदा दबल्यावर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दुकानदार ‘जुनेच चालते’ म्हणेल. ते कधी चालते आणि कधी पोर्चमध्ये रोज रुपयाएवढा डाग पाडते.

तेल सीलबंद कॅनमध्येच घ्यावे. झाकणाची कडी आणि आतली चकती शाबूत आहे का, उत्पादनाची तारीख पुसट तर नाही, हे दुकानातच पाहावे आणि बिल घ्यावे. फिल्टर गाडीच्या नावावर न मागता, मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगून पार्ट नंबरवर घ्यावा.

हत्यारांमध्ये प्लगच्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट लागतो. अनेक गाड्यांत ते माप १४ किंवा १७ मिलिमीटर असते. दुतोंडी उघडा पाना या कामाला वापरू नये, कारण तो घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. त्याशिवाय फिल्टर पाना, टॉर्क पाना, नरसाळे, जाड हातमोजे, सुती चिंध्या, उजेडासाठी टॉर्च आणि जुने तेल धरण्यासाठी किमान ६ ते ७ लिटर मावेल असे पसरट भांडे घ्यावे. बांधकामाचे घमेले या कामाला चालते, मात्र त्याला भोक नाही ना, ते आधी पाणी भरून पाहावे आणि मग कोरडे करावे. घरातली परात घेऊ नये; ती पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही आणि त्यावरून होणारी चर्चा तेलाच्या कॅनपेक्षा महाग पडते.

टप्पा ३ : सपाट जागा शोधणे

सांगलीकरांना हा टप्पा एका ओळीत संपवता येईल. सातारा शहर मात्र अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे गोडोली-शाहूनगरच्या बाजूला कित्येक गल्ल्या आणि पोर्चसुद्धा उतारावर आहेत. डोळ्यांना सपाट वाटणारी जागा सपाट असेलच असे नाही. पसरट ताटात बोटभर पाणी घेऊन ते जमिनीवर ठेवावे. पाणी एका कडेला स्पष्ट जमा होत असेल तर ती जागा सोडावी. उतारावर गाडी उचलणे धोक्याचे आहेच, शिवाय तिरप्या गाडीत तेल पूर्ण निथळत नाही आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, हीसुद्धा खोटी पातळी दाखवते.

जमीन टणकही हवी. उन्हात तापलेल्या डांबरात जॅक रुततो, पेव्हर ब्लॉक हलतात, आणि पोर्चमधील शहाबादी फरशी स्टँडच्या टोकाखाली तडकते. सिमेंटचा कोबा सर्वांत चांगला. फरशी असल्यास प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर हे काम काढू नये. पावसाचे पाणी घमेल्यात पडले की तेल वर तरंगून सगळीकडे पसरते.

टप्पा ४ : इंजिन कोमट करणे आणि गाडी उचलणे

थंड तेल सावकाश उतरते आणि गाळ तळाशीच राहतो. उकळते तेल हात भाजते. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. त्यानंतर गाडी उचलून स्टँडवर बसवायला जी १५-२० मिनिटे लागतात, तोच तेल निवण्याचा वेळ समजावा. लांबून प्रवास करून आल्यावर मात्र तासभर थांबावे.

गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’मध्ये ठेवून, हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावावा, एक बाजू उचलून स्टँड लावावा, मग दुसरी बाजू घ्यावी. दोन्ही स्टँडची एकत्रित क्षमता गाडीच्या पूर्ण वजनापेक्षा जास्त हवी. पुढचा भाग रॅम्पवर चढवायचा असेल तर चढवणारा आणि बाहेरून पाहणारा अशी दोन माणसे लागतात.

इशारा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा दगड हे स्टँडला पर्याय नाहीत. वीट वजनाखाली कोणतीही सूचना न देता फुटते.

तपासणी: गाडी स्टँडवर बसल्यावर, खाली जाण्यापूर्वी, बोनेटजवळ उभे राहून तिला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहावे. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

टप्पा ५ : तेल सोडण्यापूर्वीच्या चार खात्र्या

लोक हाच टप्पा गाळतात. यात एक थेंबही तेल काढायचे नाही, फार तर फिल्टरच्या कडेने चार थेंब गळतील.

पहिली, वरचे तेल भरण्याचे झाकण उघडते का ते पाहावे आणि ते सैल करून तसेच ठेवावे. हवा आत गेल्याने तेल सलग उतरते.

दुसरी, प्लग इंजिनाचाच आहे का हे ठरवावे. पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी असतात आणि दोघांनाही खाली प्लग असतो. चुकीचा प्लग उघडून गिअर ऑईल सांडणे, आणि मग आधीच भरलेल्या इंजिनात आणखी साडेतीन लिटर ओतणे, ही दुहेरी चूक अगदी सुशिक्षित माणसांच्या हातूनही झालेली आहे. डिपस्टिकची नळी वरून खाली कुठे जाते ते टॉर्चने पाहावे; ती ज्या भागात उतरते, त्याच्या तळाचे पसरट चेंबर इंजिनाचे. तरीही शंका असेल तर पुस्तकातील चित्राशी ताडून पाहावे आणि शंका फिटेपर्यंत थांबावे.

तिसरी, जुना फिल्टर सुटतो का ते पाहावे. घमेले खाली ठेवून फिल्टर पान्याने तो जेमतेम सैल होईल इतकाच फिरवावा आणि पुन्हा हाताने आवळावा. तो जागचा हलत नसेल तर आज काम थांबवून गाडी गॅरेजमध्ये नेता येते, कारण इंजिनात अजून तेल आहे. फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. पत्रा फाटतो, बूड इंजिनाला चिकटून राहते आणि मग गाडी टोचन करूनच न्यावी लागते.

चौथी, नवा फिल्टर जागेवरच्या जुन्याशेजारी धरून गॅस्केटचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी रिंगेचा, घेर जुळतो का ते पाहावे; मधले भोक जुना फिल्टर बसलेला असताना दिसत नाही, त्यासाठी पार्ट नंबर ताडून पाहावा. उंची थोडी कमी-जास्त असू शकते. घेर आणि आटे यांत तडजोड चालत नाही.

टप्पा ६ : जुने तेल सोडणे

घमेले प्लगच्या बरोबर खाली न ठेवता थोडे पुढे, धार जिकडे जाईल तिकडे सरकवावे, कारण सुरुवातीला धार तिरपी उडते. पान्याने प्लग सैल करावा आणि पुढे हाताने फिरवावा. शेवटच्या आट्यापर्यंत तो वर दाबून धरावा आणि मग झटकन बाजूला घ्यावा. असे केल्यास प्लग घमेल्यात पडत नाही आणि बाहीत तेल जात नाही.

धार संपून थेंब पडू लागले तरी १० ते १५ मिनिटे थांबावे. या वेळात पडलेले तेल पाहून घ्यावे. काळा रंग हा दोष नाही. डिझेल गाडीचे नवे तेलही थोड्याच किलोमीटरमध्ये काळे होते. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट गेलेले असण्याची शक्यता आहे, आणि प्लगला धातूचे डोळ्यांना दिसणारे तुकडे चिकटलेले असतील तर नवे तेल भरून समाधान मानण्यात अर्थ नाही. दोन्ही प्रसंगी गाडी मेकॅनिकला दाखवावी. छोट्या फेऱ्या करणाऱ्या डीपीएफच्या डिझेल गाडीत तेल भरले होते त्यापेक्षा जास्त निघाले, तर काजळी जाळण्याच्या प्रक्रियेतले न जळलेले डिझेल तेलात उतरत आहे असा त्याचा अर्थ असू शकतो. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली पाहून ‘इंजिन तेल खात नाही’ म्हणून आनंद मानणारे मी पाहिले आहेत.

इशारा: रिकाम्या इंजिनात डिझेल किंवा रॉकेल ओतून ते ‘धुवून’ काढू नये. हे द्रव पूर्ण निथळत नाहीत, मागे राहिलेला भाग नव्या तेलाला पातळ करतो, आणि सुटलेला गाळ तेलपंपाच्या जाळीत जाऊन अडकतो.

टप्पा ७ : प्लग पुन्हा बसवणे

प्लग आणि त्याची बैठक कोरड्या चिंधीने पुसावी. जुने वॉशर प्लगवर किंवा चेंबरला चिकटून राहिले नाही ना, ते पाहूनच नवे चढवावे. प्लग फक्त बोटांनी फिरवायला सुरुवात करावी. तो तीन-चार आटे बोटांनी सहज गेला पाहिजे. अडकत असेल तर काढून पुन्हा सरळ लावावा, पान्याचा जोर देऊ नये. बऱ्याच गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते आणि प्लग लोखंडाचा. या झुंजीत आटे नेहमी चेंबरचेच जातात.

शेवटचे आवळणे टॉर्क पान्यानेच करावे. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हा आकडा ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपण कागदावर उतरवलेला आकडाच पाळावा. टॉर्क पाना नसेल तर कोणाचा तरी मागून आणावा. ‘अजून थोडा’ म्हणून पान्याला पाइप लावून ताणणे हे चेंबर बदलण्याच्या खर्चाला निमंत्रण आहे.

प्लग आवळल्यावर बैठक पुसून कोरडी करावी, म्हणजे नंतर गळती दिसेल.

टप्पा ८ : फिल्टर बदलणे

घमेले फिल्टरखाली सरकवून जुना फिल्टर काढावा. त्यातही पेलाभर तेल असते, म्हणून तो तोंड वर ठेवून उतरवावा. आता या संपूर्ण कामातली सर्वांत महत्त्वाची तपासणी: जुन्या फिल्टरचे रबरी गॅस्केट फिल्टरसोबत बाहेर आले आहे का? आले नसेल तर ते इंजिनाच्या बैठकीला चिकटलेले आहे. त्यावरच नवा फिल्टर बसवला तर गॅस्केटवर गॅस्केट येते, हाताला ते घट्टही लागते, आणि इंजिन सुरू होऊन दाब तयार होताच वरचे गॅस्केट बाहेर फेकले जाते. पहिल्यांदा हे काम केले तेव्हा माझ्या हातून हेच झाले. अर्ध्या मिनिटात निम्मे नवे तेल पोर्चभर पसरले, आणि ती फरशी भुसा आणि धुण्याच्या सोड्याने घासण्यात उरलेला रविवार गेला. इंजिन ताबडतोब बंद केले म्हणून नुकसान तेवढ्यावर भागले. तेव्हापासून मी जुने गॅस्केट हातात घेऊन पाहिल्याशिवाय नवा फिल्टर बसवायला घेत नाही.

बैठक पुसून नव्या गॅस्केटला बोटाने नव्या तेलाचा पातळ हात द्यावा. कोरडे रबर फिरताना मुडपते आणि पुढच्या वेळी सुटत नाही. फिल्टरचे तोंड वर येत असेल तर त्यात थोडे तेल आधी भरता येते. आडव्या फिल्टरमध्ये तो प्रयत्न करू नये. फिल्टर हाताने फिरवत न्यावा आणि गॅस्केट बैठकीला टेकल्यापासून साधारण पाऊण फेरा, किंवा फिल्टरवर छापले असेल तितका, आवळावा. हे आवळणे हातानेच करायचे आहे. फिल्टर पाना फक्त काढण्यासाठी असतो.

काही गाड्यांत पत्र्याच्या डब्याऐवजी प्लास्टिकच्या टोपीत बसणारा कागदी फिल्टर असतो. तिथे टोपीवरची रबरी रिंग नव्याने, तिच्याच खाचेत बसवावी आणि टोपी तिच्यावर कोरलेल्या टॉर्कएवढीच आवळावी.

फिल्टर पेट्रोलने धुवून पुन्हा लावणे किंवा ‘एकाआड एकदा’ बदलणे ही काटकसर करू नये. जुन्या फिल्टरमध्ये अडकलेली घाण नवे तेल पहिल्याच दिवसापासून फिरवू लागते.

टप्पा ९ : नवे तेल भरणे

गाडी स्टँडवरून उतरवून चारही चाकांवर घ्यावी, तत्पूर्वी खाली राहिलेली हत्यारे मोजून बाहेर काढावीत. नरसाळे लावून पुस्तकातील प्रमाणापेक्षा अर्धा लिटर कमी तेल भरावे. पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहावी आणि मग थोडे थोडे वाढवावे. कॅन ३.५ लिटरचा आहे म्हणून सगळा ओतायचा, हा विचार करू नये. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर फिरणारा क्रँकशाफ्ट तेल घुसळून फेस करतो, आणि फेसाळलेले तेल बेअरिंगला पुरेसा आधार देत नाही. तेल कमी असेल तर वाढवता येते. जास्त झालेले काढायला पुन्हा गाडीखाली जावे लागते.

टप्पा १० : इंजिन सुरू करून तपासणे

झाकण घट्ट लावावे. कोणाला तरी गाडीबाहेर, खाली नजर ठेवून उभे करावे आणि इंजिन सुरू करावे. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, कारण नवा फिल्टर भरायला तेवढा वेळ लागतो. दिवा विझला नाही किंवा खाली धार दिसली तर लगेच इंजिन बंद करावे. या वेळी रेस करू नये.

दोन मिनिटे चालवून इंजिन बंद करावे, १० मिनिटे थांबावे आणि पातळी पुन्हा पाहावी. फिल्टरने आपला वाटा घेतल्यामुळे ती थोडी उतरलेली असेल; दोन खुणांच्या मध्यापेक्षा वर, पण वरच्या खुणेच्या आत येईल एवढेच तेल घालावे. मग टॉर्चने प्लग आणि फिल्टरची कड पाहावी आणि कोरड्या चिंधीने टिपून पाहावी. गाडीखाली प्लास्टिकचे आवरण असेल तर ते या तपासणीनंतर बसवावे. आधी बसवले तर गळती आवरणातच साठते आणि चार दिवसांनी दिसते.

टप्पा ११ : काळ्या तेलाची व्यवस्था

वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते गटारात ओतले तर ओढ्या-नाल्यांवाटे वेण्णेत आणि कृष्णेत, म्हणजे माहुलीच्या संगमाकडेच जाते. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावणे, वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासणे, अंघोळीच्या बंबात जाळणे, हे सगळे उपयोग आपल्याकडे चालतात आणि तिन्ही टाळावेत. जाळल्याने त्यातले धातू धुरातून घरात येतात. गार झालेले तेल नरसाळ्याने रिकाम्या कॅनमध्ये भरावे, त्यात पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑईल मिसळू नये, आणि जे गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटर अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला तेल देते तिथे विचारून पोहोचवावे. जुना फिल्टर रात्रभर उलटा निथळत ठेवून तोही त्याच्यासोबत द्यावा. एखादा कॅन रिकामा उरला तर भंगारात देण्यापूर्वी त्याला आडवी चीर द्यावी आणि लेबल फाडावे, म्हणजे तो बनावट तेल भरून परत दुकानात येणार नाही.

टप्पा १२ : नोंद आणि पहिले शंभर किलोमीटर

तारीख, किलोमीटरचा आकडा, तेलाचा ग्रेड, भरलेले प्रमाण आणि फिल्टरचा पार्ट नंबर वहीत लिहून बिल त्याच पानाला टाचावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्यापूर्वी तिच्याखाली रात्री पसरून ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद पाहावा आणि थंड इंजिनात पातळी मोजावी. पहिले शंभर किलोमीटर शक्यतो गावातच किंवा कोरेगाव-वाईपर्यंत फिरून पूर्ण करावेत, एकदा प्लग आणि फिल्टर पुन्हा टिपून पाहावेत, आणि खंबाटकीच्या पलीकडचा प्रवास त्यानंतरच काढावा.